पाहुण्याची टॉवेल-टोपी

गोडादरा, सुरत
आखाजीच्या अगोदरचा सोमवार

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकटा सुकलाल याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे आठांपैकी सहाच अंगं टेकतात, उरलेली दोन मनाने टेकली असं समज.) आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत. तुझ्या उजव्या डोळ्याची पट्टी निघाल्याचं कळलं, बरं वाटलं. थेंब वेळच्या वेळी टाकत जा, चुलीच्या धुरात जाऊ नकोस आणि डोळ्याला पाणी लागू देऊ नकोस. हे मी सांगत नाही, डॉक्टर सांगतात. मी तुला काही सांगायची हिंमत अठ्ठावन्न वर्षांत केलेली नाही.

डॉक्टरांनी तुला महिनाभर वाचायचीही मनाई केली आहे, म्हणजे हे पत्र शेजारची धनश्री वाचून दाखवणार. म्हणूनच लिहायचं धाडस करतो आहे. फोनवर तुझ्या योगूचं नाव निघालं की तू "दूध उतू गेलं" म्हणतेस आणि फोन ठेवतेस. तीन वर्षांत तुझं जेवढं दूध उतू गेलं तेवढं आपल्या गावच्या डेअरीत येत नसेल, आणि घरात साधी शेळी नाही. पत्राचं बरं असतं, ते आपटून बंद करता येत नाही. (धनश्री बेटा, कंसातलं फक्त तुझ्यासाठी, मोठ्याने वाचायचं नाही. वरच्या कंसाचं झालं ते झालं. आक्का आता "राहू दे, नंतर वाच" म्हणेल. तू वाचत राहा. उठून गेली तर मागोमाग जा, एका डोळ्याने ती फार लांब जायची नाही.)

तर आक्का, विषय योगूचाच आहे. दाजी गेले तेव्हा तो तिसऱ्या दिवशी पोचला, राख सावडायच्या वेळी. एकुलता एक मुलगा असून अग्नी पुतण्याला द्यावा लागला. तू ओट्यावर सगळ्या गावादेखत त्याला म्हणालीस, "पाव्हनासारखा उना, पाव्हनासारखा जाय." आलास पाहुण्यासारखा, जा पाहुण्यासारखा. तो तुझ्या पाया पडायला वाकला, तू पाय मागे घेतलेस, आणि तो गेला. तेव्हापासून तू त्याच्याशी बोललेली नाहीस. मी तुला दोष देत नाही. का देत नाही ते पुढे येईल, म्हणजे माझी हिंमत टिकली तर येईल.

तो काय करतो ते तुला नीट कोणी सांगितलेलं नाही, कारण सांगायला लागलं की दूध उतू जातं. तो गिटारवर जे वाजवतो त्या प्रकाराला जॅझ फ्युजन म्हणतात. मी एकदा त्याला विचारलं, बाबा, हे नेमकं असतं काय? तर म्हणाला, मामा, ठरलेली चाल सोडून लांब भटकायला जायचं आणि बरोबर वेळेवर घरी परत यायचं. मला वाटतं हे बोलून झाल्यावर त्याला स्वतःलाच काही तरी आठवलं, कारण तो उगीच चहात बिस्किट बुडवत बसला आणि बिस्किट बुडालं. भटकायच्या या कामात म्हणे त्याच्यासारखी बोटं देशात दोन-चारच. मोठमोठे बँड त्याला बोलावतात. केरळचा एक, कोलकात्याचे दोन, बंगळुरूचा तर ठरलेलाच, आणि नॉर्वेचा एक ड्रमवाला आहे तो याच्याशिवाय हिंदुस्थानात पाऊल टाकत नाही. प्रत्येक जाहिरातीत बँडवाल्यांची नावं वर ठळक आणि सगळ्यात खाली 'पाहुणा कलाकार: योगेंद्र'. तुझ्या भावजयीने, रंजनाने, या जाहिरातींचे फोटो मोबाईलमध्ये जमवलेत. बेचाळीस झाले. बेचाळीस ठिकाणी पाहुणा आणि स्वतःचा बँड एकही नाही. तू स्वतःचा का काढत नाहीस, असं तिने विचारलं तेव्हा म्हणाला, "मामी, पाहुण्याचं बरं असतं. जेवायचं, वाजवायचं, निघायचं. पाहुण्यावर कोणी रागावत नाही." रंजना आत जाऊन भांडी आपटू लागली. भांडी घासलेलीच होती.

आता कालच्या नव्हे, त्याच्या आधीच्या रविवारची हकीकत. बंगळुरूचा तोच बँड इथे अडाजणच्या एका हॉलमध्ये आला, संध्याकाळी सहाचा कार्यक्रम. दुपारी योगू आणि तो ड्रमवाला धरून पाचही जण गोडादऱ्याला आमच्या घरी जेवायला. घर तुला माहीत आहे, दोघं आडवे झालो की तिसऱ्याने उभं राहावं. त्यात नॉर्वेचा साडेसहा फुटांचा माणूस. त्याला आम्ही पंख्याखाली बसवलं नाही, पंख्याची काळजी वाटली. रंजनाने वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा केला होता. (ठेचा चमच्याने खायचा नसतो हे त्याला सांगायचं राहून गेलं. इंग्रजी कोणाला येत होतं? योगू आंघोळीला गेलेला.) तो माणूस तांब्याभर पाणी प्यायला आणि जाताना रंजनाच्या पाया पडला. डोळ्यांतून पाणी येत होतं ते भक्तीचं की मिरचीचं, देव जाणे.

हॉलमध्ये आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो होतो. माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत पाच टॉवेल, पाच टोप्या, पाच नारळ. आपल्यात पाहुण्याला टॉवेल-टोपीशिवाय वाटेला लावत नाहीत, आणि आमच्या घरचं पोर बेचाळीस ठिकाणी पाहुणा म्हणून गेलं, त्याला एकानेही टोपी घातली नाही. म्हणजे घातली असेल, दुसऱ्या अर्थाने. मला ते फार लागलं होतं. कार्यक्रम संपला की वर जाऊन मान करायचा, असं मी ठरवलं होतं. आता चूक कुठे झाली बघ. योगू एकटा वाजवत होता. बोटं अशी पळत होती की आमच्या मागाच्या खात्यात लूमवर धागा तुटल्यासारखं माझं लक्ष सारखं तिकडेच. आणि मध्येच तो थांबला. मागे साथ करणारेही थांबले. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मला वाटलं, झालं. मी उठलो. रंजनाने शर्ट धरला, पण शर्ट जुना होता.

मी पायऱ्या चढून वर पोचलो तेव्हा कळलं की ती शांतता गाण्यातलीच होती. पण तोवर मी दिव्यांच्या मध्यभागी. मागे फिरावं तर पाचशे माणसं बघतायत. पिशवीतून एक नारळ निसटला आणि गडगडत जाऊन मोठ्या ढोलावर धप्पकन आदळला. नॉर्वेच्या माणसाने डोळे मिटलेले होते, त्याला वाटलं कोणी तरी सुरुवात केली, त्यानेही धप्पकन उत्तर दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी म्हटलं, आता आलोच आहोत. योगूच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली आणि मामाने भाच्याच्या पाया पडायचं या आपल्या रीतीप्रमाणे त्याच्या पाया पडलो. त्याने मला रागवायला हवं होतं. तो टोपी सरळ करून हसला, अगदी दाजींसारखा डावीकडून हसला, आणि तसाच पुढे वाजवू लागला. बाकीच्या चौघांनी माना पुढे केल्या, मी त्यांनाही टोप्या घातल्या. पुढचा सगळा कार्यक्रम पाचही जणांनी गांधी टोपीत केला. दुसऱ्या दिवशी इथल्या एका गुजराती पेपरात फोटो आला, खाली लिहिलेलं, 'गुरूच्या चरणी वयोवृद्ध शिष्य'. वयोवृद्ध! अजून मी खात्यात बारा तास उभा राहून लूम दुरुस्त करतो.

तो फोटो वाल्मिकने पाहिला. वाल्मिक म्हणजे इथल्याच नवागामचा बँडवाला, पूर्वी दाजींच्या बेंजोला ढोलाची साथ करायचा तोच. तू त्याला दोनदा घराबाहेर काढलं आहेस, म्हणजे आठवेल. तो सकाळी सकाळी पेढे घेऊन आला. म्हणाला, भाऊ, तुझा भाचा लोकांच्या बँडात पाहुणा जातो ना, माझ्याही बँडात येऊ दे. बुधवारी नवागामहून दिंडोलीला वरात आहे आणि माझा बेंजोवाला पळाला. का पळाला, तर त्याच दिवशी त्याचं स्वतःचं लग्न. (असं कारण असलं की रागावताही येत नाही.) मी योगूला न विचारता हो म्हणून टाकलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे. तुझ्या लग्नात मी तीन हलवायांना हो म्हणालो होतो.

योगूला सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता मात्र रागावेल. नॉर्वेवाल्याबरोबर वाजवणाऱ्याला वरातीच्या गाडीवर चढवायचं म्हणजे काय! तो फक्त म्हणाला, करंट किती व्होल्टचा असतो त्या गाडीवर? आणि मुंबईचं तिकीट पुढे ढकललं.

बुधवारी नवागामला गेलो. वाल्मिकची गाडी सजवून उभी होती, भोंगे, माळा, मागे जनरेटर, आणि पुढच्या बाजूला नवा कोरा फ्लेक्स. योगू तो फ्लेक्स बघून थांबला. मीही वाचला. त्यावर पाहुणा कलाकार वगैरे काही नव्हतं. लिहिलं होतं, 'गिटारवर: छगन मास्तरांचा मुलगा योगेंद्र'. मला वाटलं वाल्मिक विसरला, म्हणून मी हळूच म्हटलं, अरे, पाहुणा लिहायचं राहिलं. तर तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही माझीच बुद्धी लुळी पडली आहे. म्हणाला, "घरना पोऱ्याले पाव्हना कोन लिखस?" आक्का, घरच्या मुलाला पाहुणा कोण लिहितं, एवढंच तो म्हणाला आणि ढोलाच्या दोऱ्या आवळायला गेला. योगू त्या फ्लेक्ससमोर उभाच. वीस वर्षं वाजवतोय, त्याच्या नावाबरोबर बापाचं नाव कुठे छापलं गेलं नव्हतं. शेवटी गाडीवाल्याने हॉर्न मारला तेव्हा हलला.

वरात निघाली. ऊन असं की घोडीसुद्धा सावली बघून चालत होती. योगूने पहिली दहा मिनिटं बेंजोवाल्यासारखं सरळ वाजवलं, मग भटकायला लागला. नवऱ्याचे मित्र नाचता नाचता थबकले, त्यांचे पाय चालीत राहिले आणि चाल दुसऱ्याच गल्लीत गेली. पण वाल्मिक खरा वस्ताद, त्याने ढोल सोडला नाही, आणि योगू बरोबर वेळेवर परत आला. मग काय, पोरांनी त्याला डोक्यावर घ्यायचं बाकी ठेवलं. आणि मांडव पाच-सातशे पावलांवर असताना जनरेटर बंद पडला. डिझेल संपलं. (ते भरून आणायचं काम माझ्याकडे होतं. यावर जास्त लिहीत नाही.) भोंगे गप्प. बँडवाल्यांनी वाद्यं गाडीवर ठेवली, वऱ्हाडी सरबताच्या वासाने पुढे पळाले, घोडी आपली आपण चालू लागली.

योगू गाडीवरून खाली उतरला आणि वाजवतच चालू लागला. विजेच्या गिटारला करंट नसला की ती मुकी असते, आक्का. दोन हातांवरच्या माणसाला ऐकू जात नाही. लोक हसत होते, एक बाई म्हणाली, याला ऊन लागलंय. मी शेजारून चालत होतो, कान गिटारजवळ नेला तेव्हा ऐकू आलं, टिण टिण, फार बारीक. नवरी मांडवात येताना दाजी वाजवायचे तीच चाल. एकही वळण न सोडता त्याने ती मांडवाच्या दारापर्यंत नेली, उंबऱ्यावर संपवली, आणि मगच गिटार खाली ठेवली. मी विचारलं, बाबा, कोणाला ऐकूच येत नव्हतं, मग कशाला? तर घाम पुसत म्हणाला, "आबा सांगेत, वरात मांडवले लागस नही तवलोंग वाजं खाले ठेवानं नही."

दाजींचा हा नियम तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. वरात दाराला लागेपर्यंत वाद्य खाली ठेवायचं नाही, मग अंगावर आभाळ का कोसळेना. त्यांचा स्वतःचा बाप गेला तेव्हा ते पारोळ्याला कोणाच्या तरी वरातीत होते, वरात पोचवली आणि मग सायकल काढली. तू हे सगळ्यांना अभिमानाने सांगायचीस.

असो. मी मांडवात जेवलो नाही. रंजनाला वाटलं मला ऊन लागलं. मग घरी तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही सांगता आक्कांना, की मी सांगू?" म्हणून हे पत्र. बाकी सर्व क्षेम. प्रकृतीस जपावे. लहानांना आशीर्वाद, मोठी तूच एक उरली आहेस, तुला पुन्हा एकदा नमस्कार.

तुझा धाकटा,
सुकलाल

ता. क. रंजनाने ज्वारीचे पापड करून ठेवले आहेत. तुला हवे असतील तर कळव.

ता. क. २. पापडाचं खरं आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. दाजी धुळ्याच्या दवाखान्यात होते, तू दुपारी चहा आणायला खाली गेली होतीस. मी योगूला फोन लावत होतो. तो तेव्हा पोर्तुगालमध्ये, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुठल्या तरी मोठ्या बँडात पाहुणा. दाजींनी माझा हात धरला आणि म्हणाले, "आत्ते सांगू नको. वाजाडू दे त्याले. व्हई जाऊ दे, मंग सांगजो." मी फोन खिशात ठेवला, आणि त्याला कळवलं असं तू धरून चाललीस. पहाटे दाजी गेले, तरी मी दिवसभर फोन केला नाही, त्याचा कार्यक्रम संपल्यावर केला. त्याच दुपारी केला असता तर तो अग्नीला पोचला असता. तू त्याला ओट्यावर बोललीस तेव्हा त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली चपलांकडे बघत उभा राहिलो. मला वाटलं तो सांगेल. तो काही बोलला नाही, आणि तीन वर्षं त्याने मला एका शब्दाने विचारलंही नाही. उलट दर आखाजीला मला धोतरजोडी पाठवतो. आक्का, उशिरा आलेला तो नव्हता. उशीर माझा होता. तू जे काही बोलायचं ते मला बोल, चप्पल मारायची असेल तर मीच आणून देतो, त्या दिवशी सगळ्या नीट पाहून ठेवल्या आहेत.

ता. क. ३. आखाजीला माहेरवाशिणीला न्यायला मुराळी पाठवायची आपली रीत आहे, आणि आई-वडील गेल्यापासून तुझं माहेर म्हणजे माझी ही दीड खोली. यंदा मुराळी पाठवतो आहे. डॉक्टरांना विचारलं, गाडीने यायला हरकत नाही म्हणाले. आखाजीच्या झोक्यावर मात्र बसायचं नाही.

ता. क. ४. (धनश्री, हा कंस तू मोठ्याने वाचलास तरी चालेल. पाकिटावर तिकीट नाही हे आक्काच्या लक्षात यायच्या आत सांगून टाक. वाल्मिकची गाडी तुमच्या गावावरून शिरपूरच्या लग्नाला निघाली होती, मुराळी तिच्यावर बसून आला आहे आणि पत्र तुझ्या हातात देऊन तुमच्याच ओट्यावर थांबला आहे. गिटार बरोबर आहे, ती त्याने अजून खाली ठेवली नसेल. आक्काच्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टर म्हणाले होते, पण ते बाहेरच्या पाण्याबद्दल असावं, आतल्याचं आज राहू दे. आता दार उघड आणि त्याला हाक मार. आणि कोण आलंय असं आक्काने विचारलं तर, बेटा, पाहुणे आलेत असं म्हणू नकोस.)